वाचक विचारतात : हाडाचे चित्र कोर्टात, इन्सुलिनचे चित्र दवाखान्यात

प्रश्न (बेळगाव) : हायवेवरच्या अपघातात नडगीचे हाड मोडलेल्या माणसाच्या भरपाईच्या दाव्यासाठी वकिलांनी चित्र मागितले आहे. माझे शिक्षण चित्रकलेचे आहे. हाताशी एक्स-रे आणि डिस्चार्ज कार्ड आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : एवढ्या कागदांवर चित्र काढू नका. अपघातानंतरचा पहिला एक्स-रे (समोरून आणि बाजूने, दोन्ही), ऑपरेशनची नोंद, नंतरचा एक्स-रे आणि अपंगत्वाचा दाखला हे सगळे मागून घ्या. मग फक्त एक गोष्ट ताडून पाहा : उजवा की डावा. एक्स-रेच्या कडेला आर किंवा एल हे शिशाचे अक्षर उमटलेले असते. ते आणि कागदांवरची नोंद जुळत नसेल तर काम तिथेच थांबवून वकिलांना आणि डॉक्टरांना कळवा. बाजू चुकली की उरलेल्या चित्रावरही कोणी विश्वास ठेवत नाही. रुग्ण आपल्याकडे तोंड करून उभा आहे असे धरतात, म्हणून त्याचा उजवा पाय कागदावर डावीकडे येतो. नवखे इथेच चुकतात.

हाडाची रेघ एक्स-रेवरून गिरवायला हरकत नाही, पण त्यावरून लांबी मोजू नका, कारण एक्स-रेत हाड थोडे मोठे उमटते. चित्राखाली ‘प्रमाणात नाही’ असे लिहा. मोडलेले हाड जोडायला आत धातूचा रॉड बसवला असेल तर वर किती स्क्रू, खाली किती, हे एक्स-रेत मोजून तितकेच काढा. हाडाचे तुकडे दिसतात तेवढेच दाखवा. रक्ताचे ओघळ, लालभडक सूज, वेदनेने वाकडा झालेला चेहरा यांतले काही नको. नोंदीत नसलेली एक गोष्ट घुसली तरी समोरचे वकील तिच्यावर बोट ठेवून सगळे चित्रच बाजूला ठेवायला सांगतील, आणि तसे सांगणे रास्तच आहे.

दुखापतीबद्दलचे मत डॉक्टरांचे, तुमचे नव्हे. चित्र नोंदींशी जुळते हे साक्षीत त्यांनीच सांगायचे असते, म्हणून कच्चा आराखडा त्यांना दाखवा आणि त्यांच्या दुरुस्त्या तारखेसह जपून ठेवा. एक्स-रे सीडीवर असेल तर मूळ सीडीला हात न लावता प्रत काढून काम करा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या, भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यू (फाइलवरून संगणकाने काढलेली, तिची ओळख पटवणारी अक्षरे-अंकांची ओळ) लिहावी लागते आणि फाइलमध्ये जरासा बदल झाला तरी ती बदलते. लेबले कन्नडमध्ये हवीत की इंग्रजीत, हे आधीच विचारून घ्या.

प्रश्न (निपाणी) : आमच्या दवाखान्यात बाटलीतले इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत सचित्र पत्रक करायचे आहे. चित्रांत काय दाखवावे?

उत्तर : सर्वात आधी बाटली आणि सिरिंज यांची जोडी. आपल्याकडे ४० युनिटची (म्हणजे एका मिलिलीटरमध्ये ४० युनिट इन्सुलिन असलेली) बाटली सर्रास मिळते. तिची सिरिंज लाल टोपणाची, १०० युनिटची नारिंगी टोपणाची. १०० चे इन्सुलिन ४० च्या सिरिंजने त्याच खुणेपर्यंत भरले तर अडीचपट डोस जातो आणि साखर धोकादायक खाली येते. उलट केले तर डोस अपुरा पडतो. पण पत्रके झेरॉक्सवर निघतात आणि तिथे लाल नि नारिंगी दोन्ही करडेच दिसतात. म्हणून चित्रातल्या बाटलीवर आणि सिरिंजवर ‘४० युनिट’ ठळक लिहाच.

दुसरे चित्र डोसच्या खुणेचे. सिरिंजच्या दट्ट्यावरच्या रबरी बुचाची सुईकडची कड खुणेवर आहे, हे मोठे करून दाखवा. पोटावरची जागा बेंबीपासून दोन बोटे सोडून दाखवा, आणि टोचण्याची जागा दर वेळी बदलायची हेही बाणाने सांगा. एकाच जागी टोचत राहिले की चरबीची गाठ होते आणि तिथले इन्सुलिन नीट शोषले जात नाही. चुकीच्या कृतीवर फुली मारलेली चित्रे टाळावीत असे आमचे मत आहे. कित्येकांना कृती दिसते, फुली नाही.

मजकूर चित्राच्या आत न लिहिता वेगळ्या लेअरवर (फाइलमधल्या सुट्या थरावर) ठेवा, म्हणजे भाषा बदलताना चित्राला हात लावावा लागत नाही. कन्नडमधली जोडाक्षरे अक्षराच्या खाली लागतात, त्यामुळे ओळींत जास्त जागा सोडावी लागते. छापण्याआधी चार-पाच रुग्णांना नुसती चित्रे दाखवून ‘आता काय कराल?’ असे विचारा. जिथे ते अडखळतील ते चित्र पुन्हा काढा.

प्रश्न (खानापूर) : वैद्यकीय नियतकालिकाने माझी आकृती ‘रिझोल्यूशन कमी’ म्हणून परत पाठवली. आता काय करू?

उत्तर : कॉलमची रुंदी साधारण ८५ मिलिमीटर धरली तर रंगीत चित्राला ३०० डीपीआयने (एका इंचात ३०० ठिपके) सुमारे १,००० पिक्सेल रुंदी लागते, नुसत्या रेघांच्या चित्राला १,२०० डीपीआयने सुमारे ४,०००. लहान फाइल ताणून मोठी केली तर तपशील परत येत नाही, मूळ फाइलमधूनच नव्याने काढा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत वापरू नका, ती दाबून लहान होते. आणि आकृती हृदयाची असेल तर एक पाहून घ्या : फुप्फुसाकडे जाणारी धमनी निळी हवी, कारण तिच्यात ऑक्सिजन कमी असलेले रक्त असते.