वाचक विचारतात : अरबी ठशाची चांदी

प्रश्न : सासूबाईंनी कुवेतहून आणलेल्या चांदीच्या कड्याच्या आत उलटा इंग्रजी व्ही आणि पुढे दोन ठिपके आहेत. आमचे सोनार शेट म्हणतात, ९२५ नाही म्हणजे चांदी नाही. खरं काय? (मडगाव)

उत्तर : शेटनी घाई केली. उलटा व्ही हा अरबी आठ आणि ठिपका म्हणजे शून्य. ठसा ८०० चा आहे : हजारात ८०० भाग चांदी, बाकी बहुतेक तांबं. इजिप्तमध्ये ८०० आणि ९०० ची चांदी रूढ आहे. शेजारी कमळ दिसलं तर तो इजिप्तचा, १९४६ नंतरचा सरकारी ठसा. आपल्याकडेही भारतीय मानक ब्युरोच्या चांदीच्या शुद्धतेच्या यादीत ८०० आहेच, हे शेटना जरूर सांगा.

अरबी अक्षरं उजवीकडून वाचतात, आकडे मात्र आपल्यासारखेच डावीकडून. कडं गोल, त्यामुळे ठसा उलटा धरला जातो. ठिपके आधी आणि व्ही नंतर दिसला, तर कडं फिरवा. ९२५ मधला नऊ इंग्रजी नवासारखाच. दोन म्हणजे डोक्याला एक आकडी असलेली उभी रेघ. दोन आकड्या असल्या तर तो तीन. पाच म्हणजे चिमुकलं वर्तुळ, आणि इथेच बहुतेक जण फसतात, कारण ते आपल्याला शून्य वाटतं. दोनच आकडे आणि ठिपका नाही, तर इराणी ८४ आहे का पाहा. तोही चांदीच्या शुद्धतेचाच आकडा.

वाचण्याआधी चिंच किंवा राख लावून घासू नका. ठिपके उथळ असतात, आधी तेच झिजतात आणि मग नुसता व्ही उरतो. कोमट साबणपाणी, मऊ ब्रश, कोरडं फडकं पुरे. मग दहापट भिंग घ्या आणि टॉर्च समोरून न धरता बाजूने, जवळजवळ आडवा धरा. सावलीमुळे खोलगट रेघा उठून दिसतात. मेणावर ठसा घेतलात तर तो आरशातल्यासारखा उलटा येतो, हे विसरू नका.

ठसा खोटाही मारता येतो. कडं भरीव आणि बिनखड्याचं असेल तर आधी कोरडं तोला, मग दोऱ्याला टांगून, तळाला न टेकता पाण्यात बुडवून तोला. कोरड्या वजनाला दोन्हींतल्या फरकाने भागा. ८०० ला १०.१ च्या आसपास, ९२५ ला १०.३ ते १०.४ येतं, पितळ आणि जर्मन सिल्व्हर (यात चांदी फक्त नावात) नवाच्या आतच. पोकळ कड्याला हा हिशेब लागू नाही. हॉलमार्किंग केंद्रातलं एक्स-रे यंत्र फक्त वरचा थर वाचतं, म्हणून झिजलेल्या काठावरही तपासायला सांगा.

प्रश्न : मस्कतच्या जुन्या हारात राणीची नाणी आहेत, ठसा कुठेच नाही. नाण्यांवर १७८० आहे. हार तेवढा जुना का? (म्हापसा)

उत्तर : नाही. ही ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा राणीची थेलर नावाची नाणी : ८३३ ची चांदी, वजन सुमारे २८ ग्रॅम. राणी १७८० मध्ये वारली, पण तेच साल घालून नाणी पुढे पाडतच राहिले; १९४०-४१ मध्ये मुंबईच्या टांकसाळीतही पाडली. ओमानी जुन्या दागिन्यांवर सरकारी ठसा सहसा नसतोच. नाणं तराजूवर घाला. दोन-तीन ग्रॅमने कमी भरलं तर ओतीव नक्कल असण्याची शक्यता मोठी, मात्र कडी डाखलेली असेल तर तिचं वजन आधी वजा करा.