दोन डिस्कचा नॅस घ्यावा की चार डिस्कचा?

प्रश्न : घरात तीन फोन, दोन लॅपटॉप आणि चार पोर्टेबल हार्ड डिस्क आहेत. फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं मिळून साधारण १.८ टीबी होतात. चारांपैकी एक डिस्क आठवड्याभरापासून टक्‌टक् आवाज करते. सगळं एका जागी यावं म्हणून नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेली सगळ्यांसाठीची डिस्कची पेटी, घ्यायची आहे. दोन डिस्कचा घ्यावा की चार डिस्कचा? रेड (अनेक डिस्क एकत्र बांधून एकीसारख्या वापरायची पद्धत) लावलं की बॅकअपची काळजी मिटते, असं मित्र म्हणतो. ते खरं आहे का? आणि बाहेर असताना घरचे फोटो पाहता येतील का?

उत्तर : नॅसचं नंतर बोलू. आधी ती टक्‌टक् करणारी डिस्क काढून बाजूला ठेवा आणि ‘अजून चालते का’ म्हणून पुन्हा लावून पाहू नका. हा आवाज बहुतेक वेळा आतलं हेड तबकडीवर जागा शोधत असतं आणि त्याला ती सापडत नसते, तेव्हा येतो. अशी डिस्क फिरत राहिली तर उरलंसुरलंही जातं. तिच्यावरचं सगळं दुसरीकडे असेल तर ठीक. नसेल आणि ते मोलाचं असेल, तर डेटा परत काढून देणाऱ्या तज्ज्ञाकडे न्या. डिस्क फ्रीजमध्ये ठेवायला कुणी सांगितलं तर मुळीच ऐकू नका, आत दव धरतं.

आता तुमच्या मित्राचं म्हणणं. ते खरं नाही, आणि हे मी अनुभवावरून सांगते. माझा भाऊ बुद्धिबळ खेळायचा. त्याच्या डावांच्या चौदा वह्या मी पानन् पान स्कॅन करून नॅसवर ठेवल्या होत्या. दोन डिस्क, दोन्हींवर तेच, म्हणजे रेड १. लॅपटॉपवर जागा हवी होती म्हणून एका संध्याकाळी मी तिथला वह्यांचा फोल्डर पुसला. तो नॅसशी सिंक केलेला आहे, म्हणजे इथला बदल तिथेही आपोआप होतो, हे लक्षात राहिलं नाही. नॅसवरचाही गेला, आणि आरशासारखी चालणाऱ्या दुसऱ्या डिस्कवरूनही तो त्याच क्षणी पुसला गेला. वह्या भावाकडे शाबूत होत्या म्हणून आठ संध्याकाळी बसून पुन्हा स्कॅन करता आल्या. फोटोंच्या बाबतीत अशी मूळ वही कुणाकडे नसते.

अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ मध्ये रेडची कल्पना मांडली, ती जथ्यातली एखादी डिस्क मेली तरी काम अडू नये म्हणून. चुकून पुसलेलं, व्हायरसने बिघडवलेलं, चोरीला गेलेलं किंवा पाण्यात भिजलेलं रेड परत देत नाही.

त्यामुळे तुमच्यासाठी माझी निवड अशी : दोन डिस्कचा नॅस, त्यात ४ टीबीच्या दोन डिस्क, आणि चार डिस्कच्या नॅसचे वाचलेले पैसे तितक्याच क्षमतेच्या तिसऱ्या, बाहेरच्या डिस्कसाठी. दोन्ही डिस्कवर तेच राहणार, म्हणून वापरायला ४ टीबी मिळतील. विंडोजवर आकडा ३.६४ दिसेल, मोजायची पद्धत वेगळी असल्यामुळे. फसवणूक झाली असं समजू नका. १.८ टीबीला एवढी जागा काही वर्षं पुरावी. चार डिस्कचा नॅस रोज तासन्‌तास व्हिडिओ संपादन करणाऱ्यांनी घ्यावा. घरात त्याचा आवाजही जास्त होतो.

डिस्क घेताना ती सीएमआर, म्हणजे ट्रॅक (माहिती लिहायच्या रेघा) शेजारी-शेजारी सुटे असणारी, आहे ना, हे नक्की विचारा. एसएमआर डिस्कमध्ये ट्रॅक छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. मेलेल्या डिस्कच्या जागी नवी घालून रेड पुन्हा उभारताना हे फार महागात पडतं. नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्कमध्येही ही पद्धत न सांगता वापरल्याचं २०२० मध्ये उघड झालं, म्हणून खोक्यावरच्या नावावर न जाता नेमका मॉडेल क्रमांक तपासा.

नॅस राउटरजवळ, हवा खेळेल अशा जागी ठेवा आणि केबलने जोडा. गिगाबिट केबलवर सेकंदाला सुमारे ११० एमबी जातात. मोठ्या फायली असतील तर तुमचे १.८ टीबी साडेचार-पाच तासांत चढतील. हजारो छोट्या फोटोंना याहून बराच वेळ लागतो, रात्रभर चालू द्या. पहिली भरणी वायफायवरून करू नका. राउटरमध्ये नॅसचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) कायमचा राखून ठेवा, नाहीतर एके दिवशी लॅपटॉपला नॅस सापडणार नाही. घरातल्या प्रत्येकाला वेगळं खातं द्या आणि अ‍ॅडमिनचं खातं रोजच्या वापराला घेऊ नका. स्नॅपशॉटची, म्हणजे फायलींची ठरावीक वेळची स्थिती जपून ठेवायची, सोय असलेलाच नॅस घ्या आणि ती पहिल्याच दिवशी सुरू करा. ती असती तर माझा फोल्डर दोन मिनिटांत परत आला असता. डिस्क बिघडल्याची सूचना ईमेलवर येते ना, तेही चाचणी पाठवून पाहा, कारण दोनपैकी एक डिस्क मेली तरी बाहेरून काहीच जाणवत नाही. वीज जात असेल तर यूपीएस हवाच, आणि तो यूएसबीने नॅसला जोडा, म्हणजे बॅटरी संपण्याआधी नॅस आपणहून नीट बंद होईल.

बाहेरून फोटो पाहता येतील, पण राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून थेट आत यायची वाट, उघडून नाही. जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने इंटरनेटवर उघड्या असलेल्या नॅसमधल्या फायली कुलूपबंद केल्या आणि किल्लीसाठी ०.०३ बिटकॉइन मागितले. घरोघरचे फोटो त्यात अडकले. अशा वाटा आपोआप उघडणारं राउटरमधलं यूपीएनपी बंद करा आणि वायरगार्ड किंवा टेलस्केलसारख्या व्हीपीएनमधून, म्हणजे फक्त तुमच्यासाठीच्या सुरक्षित वाटेने, घरात शिरा. फोनवर एकदा बसवलं की झालं.

तिसरी डिस्क आठवड्यातून एकदा जोडा, बॅकअप घ्या, काढा. जोडूनच ठेवली तर नॅसवर येणारं संकट तिच्यावरही येईल. ती एनक्रिप्ट करून (पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी करून) बहिणीकडे किंवा मित्राकडे ठेवता आली तर उत्तम. पासवर्ड मात्र कागदावर लिहून वेगळ्या जागी ठेवा. आणि पहिल्या महिन्यातच तिच्यावरून एक फोल्डर परत आणून, त्यातले दहा-बारा फोटो उघडून पाहा. हे होईपर्यंत जुन्या तीन डिस्क पुसू नका.

प्रश्न : नॅस विकत घेण्याऐवजी पडून असलेला जुना डेस्कटॉप वापरला तर?

उत्तर : चालेल, आणि शिकायची हौस असेल तर जरूर करा. साध्या कॉम्प्युटरचा नॅस करणारी ट्रूनॅस आणि ओपनमीडियाव्हॉल्ट ही सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतात. फक्त विजेचा हिशेब करा : दोन डिस्कचा नॅस चालू असताना १५ ते २० वॅट घेतो, म्हणजे महिन्याला साधारण ११ ते १४ युनिट, जुना डेस्कटॉप बरेचदा त्याच्या दुप्पट-तिप्पट घेतो. डिस्क यूएसबीने न जोडता आत, साटा केबलवर बसवा. आणि कितीही नवा दिसला तरी त्या डेस्कटॉपमधली जुनी हार्ड डिस्क फोटोंसाठी वापरू नका.