पॅचवर नाव लिहू की नको?

प्रश्न : ताई, मुक्त सॉफ्टवेअर (ज्याचा कोड कोणालाही पाहता-बदलता येतो) प्रकल्पांना पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेले बदल, पाठवताना मी नावाऐवजी फक्त आद्याक्षरं लिहिते. बाईचं नाव दिसलं की पॅच नाकारतात, असं मैत्रीण म्हणते. खरं आहे का?

उत्तर : मैत्रिणीची शंका निराधार नाही. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरच्या पुल रिक्वेस्टचा, म्हणजे ‘माझा बदल घ्या’ अशा विनंत्यांचा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. एकूणात बायकांचे बदल पुरुषांपेक्षा जास्त प्रमाणात स्वीकारले गेले होते. पण प्रकल्पाबाहेरच्या बाईचं बाईपण प्रोफाइलवरून कळलं, की ते प्रमाण पुरुषांच्याही खाली घसरत होतं. मला याची चीड येते. चाचण्यांचा निकाल पॅचसोबत जोडलेला असूनही ‘चाचण्या चालवल्यास का?’ असं एकीला विचारलेलं मी पाहिलंय. त्याच आठवड्यात एका मुलाचा चाचणीविना आलेला बदल बिनबोभाट घेतला गेला.

आद्याक्षरं खुशाल ठेव, त्यात कमीपणा नाही. पण प्रकल्प पारखून घे. आचारसंहिता आहे का, तक्रार कोणाकडे करायची ते लिहिलंय का, आणि मुख्य म्हणजे जुन्या रिव्ह्यूंमध्ये, म्हणजे आलेल्या बदलांवरच्या शेऱ्यांमध्ये, नवख्यांशी कसं बोललेत, ते वाच. आउटरीची या मुक्त सॉफ्टवेअरमधल्या इंटर्नशिप योजनेलाही अर्ज कर. ग्नोम या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या 2006 मधल्या उपक्रमातून ती उभी राहिली. काम घरून करता येतं आणि विद्यावेतन मिळतं. घरकाम उरकून फुकट कोड लिहायला किती जणींकडे वेळ उरतो?