भरतीचं गणित आणि खाडीतली बोट

प्रश्न : सर, मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. गेल्या वर्षी आठवीची सहल तारकर्लीला नेली. बोटीत बसलो, डॉल्फिन दिसले, फोटो निघाले. परत आल्यावर ‘काय शिकलात?’ विचारलं तर मुलं गप्प. बोटीवर खरोखर काही शिकवता येतं का?
– एक शिक्षिका, जि. कोल्हापूर

उत्तर : येतं, ताई. फक्त यंदा समुद्रात जाऊ नका, तारकर्लीजवळच्या देवबागला नदी समुद्राला मिळते त्या संगमापासून आत कर्ली खाडीत जा. डॉल्फिनच्या मागे बोटी पळवणं मला मनापासून खटकतं. तो आवाजाच्या आधारे मासे शोधतो आणि आपण त्याच्याभोवती चार-चार इंजिनं धडधडत ठेवतो.

तारीख पंचांग बघून ठरवा. कोकणातला जुना हिशेब असा, की तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तेवढ्या वाजता भरती पूर्ण. दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणून हा पाऊण तास. मुलांना वर्गात हे गणित करू द्या आणि उत्तर भरती-ओहोटीच्या छापील तक्त्याशी ताडून बघायला सांगा. फरक पडेलच, आणि तो का पडला यावर एक तास सहज जाईल.

दशमीला सकाळी सातलाच बोटीत बसा. खाडीच्या मध्यावर नांगर टाकून इंजिन बंद करायला सांगा. बोटवाले दादा आधी नवल करतील, पण वेळेचे पैसे ठरवून घेतलेत तर थांबतात. मग पाणी घ्या, वरचं आणि तळाचं. तळासाठी बाटलीला दगड बांधा, बुचाला वेगळी दोरी लावा. बाटली खाली टेकली की दोरीला हिसका द्यायचा, बूच निघतं आणि तिथलंच पाणी भरतं. शाळेत आल्यावर दोन्हींतलं १००-१०० मिलिलिटर पाणी आटवून उरलेलं मीठ तोला. भर समुद्राच्या पाण्यात ते साडेतीन ग्रॅमच्या आसपास भरतं. खारं पाणी जड असल्याने भरतीबरोबर तळातून आत शिरतं आणि नदीचं गोडं पाणी वर राहतं. हा धडा मुलांच्या बोटांना लागतो, म्हणून मला तो सगळ्यांत आवडतो.

पाणी किती गढूळ आहे ते बघायला सेकी तबकडी न्या. १८६५ साली आंजेलो सेकी या इटालियन पाद्री-शास्त्रज्ञाने भूमध्य समुद्रात ती वापरली. पत्र्याची २० सेंटिमीटरची गोल चकती काळी-पांढरी रंगवून, वजन बांधून दोरीने सोडायची आणि दिसेनाशी होते ती खोली लिहायची. प्लवकांसाठी, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जिवांसाठी, स्क्रीन प्रिंटिंगची बारीक जाळी शंकूसारखी शिवून टोकाला बाटली बांधा. तिच्यातला एक थेंब शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलात, की कुर्लीची, म्हणजे खेकड्याची, शिंगवाली पिल्लं वळवळताना दिसतात. ती कुर्लीचीच आहेत यावर मुलांचा विश्वास बसत नाही.

साडेदहाला, ओहोटी जोरात असताना, त्याच जागी हे सगळं पुन्हा करा. आकडे बदललेले असतात. तोवर काठाला तिवरांची, म्हणजे खारफुटीच्या झाडांची, श्वसनमुळं उघडी पडलेली असतात, ती दुरूनच दाखवा. चिखलात कुणाला उतरवू नका.

लाइफ जॅकेट प्रत्येकाला हवंच, पोहता येणाऱ्यालाही. एका खेपेला दहा-बाराच मुलं न्या, बाकीची काठावर शिंपले आणि पक्षी नोंदवतील.

प्रश्न : ऐरोलीहून रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला मुलीच्या वर्गाला बोटीने न्यायचं आहे. कधी जावं?
– एक पालक, ठाणे

उत्तर : हिवाळा सरता सरता, ओहोटी लागल्यावर. रोहित उघड्या चिखलात चरतात आणि बोटीला मात्र पाणी लागतं, त्यामुळे मधली वेळ साधावी लागते. ठाणे खाडीला २०१५ मध्ये रोहित अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. हे सांगाच, पण मुलीला चोच नीट बघायला लावा. रोहित ती उलटी करून पाण्यात बुडवतो आणि कडेच्या बारीक पट्ट्यांतून शेवाळ गाळून घेतो. त्याचा गुलाबी रंगही याच खाण्यातून येतो. दुर्बिणी दोन तरी न्या आणि थवा उडवायला बोट जवळ घेऊ नका, असं निघतानाच सांगून ठेवा.