खेळघर : रिकामे शहर आणि प्रकल्पांचे गणित

प्रश्न : ‘सिव्हिलायझेशन ६’ हा शहरे वसवून संस्कृती उभारण्याचा, फेऱ्याफेऱ्यांनी चालणारा संगणकीय खेळ मी ‘गॅदरिंग स्टॉर्म’ या विस्तारासह वर्षभर खेळत आहे. शहरात बांधण्याजोगे काही उरले नाही, की मी कॅम्पसचा, म्हणजे शहरातल्या विज्ञानाच्या जिल्ह्याचा, संशोधन-अनुदानाचा प्रकल्प लावून देतो. परंतु विज्ञानाच्या आकड्यात नाव घेण्यासारखा फरक पडत नाही. या प्रकल्पांचा खरोखर काही उपयोग आहे, की शहराच्या हाताला काहीतरी काम असावे एवढ्यापुरतेच ते ठेवलेले आहेत? (एक वाचक, सातारा)

उत्तर : फरक दिसत नाही ही आपली तक्रार रास्त आहे. कॅम्पसचा प्रकल्प चालू असताना शहराच्या उत्पादनाच्या अवघे १५ टक्के एवढे विज्ञान दर फेरीला मिळते. म्हणजे ४० उत्पादनाच्या चांगल्या शहरातून हाती येते ते ६ विज्ञान, आणि तेही प्रकल्प संपला की बंद. कमर्शियल हब या व्यापारी जिल्ह्याच्या प्रकल्पात सोन्यासाठी हा दर ३० टक्के असतो, पण तोही भाव काही फायद्याचा नव्हे. तेच उत्पादन विद्यापीठात घातले, तर त्याचे फळ खेळ संपेपर्यंत मिळत राहते. तेव्हा शहरात एखादी कामाची इमारत बांधायची बाकी असताना केवळ या दर फेरीच्या मिळकतीसाठी प्रकल्प लावणे मला तरी पटत नाही.

प्रकल्पाची खरी कमाई तो पूर्ण होतो त्या क्षणी होते. कॅम्पसचा प्रकल्प पुरा झाला, की थोर शास्त्रज्ञ मिळवण्यासाठी लागणारे गुण एकरकमी जमा होतात. होली साइट या धर्माच्या जिल्ह्यातील प्रार्थनांच्या प्रकल्पातून प्रेषिताचे, थिएटर स्क्वेअरच्या प्रकल्पातून लेखक, चित्रकार व संगीतकार यांचे, तर हार्बरच्या प्रकल्पातून आरमारप्रमुखाचे गुण मिळतात. प्रत्येक थोर व्यक्ती, म्हणजे खास लाभ देणारे ऐतिहासिक पात्र, सर्व संस्कृतींना मिळून एकच असते आणि ज्याचे गुण आधी भरतील तो तिला घेऊन जातो, हे लक्षात घेतले म्हणजे प्रकल्प कधी लावायचा याचे उत्तर आपोआप मिळते. थोर व्यक्तींचा फलक उघडून पाहावे : पुढे कोण आहे, तो किती गुणांनी पुढे आहे, त्याला आणखी किती फेऱ्या लागतील, आणि मुळात ती व्यक्ती आपल्या कामाची आहे का. प्रतिस्पर्ध्याला आठ फेऱ्या लागणार असतील आणि आपला प्रकल्प सहा फेऱ्यांत संपून ती रक्कम आपल्याला पलीकडे नेणार असेल, तर हातातले ग्रंथालयसुद्धा बाजूला ठेवावे. शर्यतीत दुसरे कोणी जवळपास नसेल, तर मात्र घाई कशासाठी करायची?

याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण म्हणजे धर्मस्थापना. प्रमाण आकाराच्या नकाशावर आठ संस्कृती असतात आणि धर्म मात्र पाचच स्थापन होऊ शकतात. धर्म स्थापायला प्रेषित हवा, आणि पहिल्या प्रेषिताला ६० गुण लागतात. होली साइटचा दर फेरीला एक आणि तिच्यातील श्राइन या इमारतीचा एक, असे दोन गुण धरले, तर तीस फेऱ्या नुसती वाट पाहावी लागते. आणि वरच्या काठिण्यपातळीवर संगणक तेवढे थांबत नाही. अशा वेळी होली साइट उभी राहताच प्रार्थनांचा प्रकल्प हाती घेणे, आणि शक्य असल्यास दुसऱ्या शहरातही त्याच वेळी तो लावणे, हा मला सर्वांत भरवशाचा मार्ग वाटतो. धर्म एकदा स्थापन झाला, की प्रेषिताचे गुण निरुपयोगी ठरतात आणि हाच प्रकल्प श्रद्धा मिळवण्याचे एक सुमार साधन होऊन बसतो. एकच प्रकल्प चाळिसाव्या फेरीला सोन्याचा आणि दीडशेव्या फेरीला मातीमोल कसा होतो, हे येथे स्वच्छ दिसते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विज्ञान आणि नागरी प्रगती जसजशी पुढे सरकते, तसतशी प्रकल्पांची उत्पादन-किंमतही वाढत जाते, त्यामुळे मागे पडलेले छोटे शहर उत्तरार्धात प्रकल्पाला लावले तर त्याची दमछाकच होते. ब्राझील घेऊन खेळत असाल, तर गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या स्ट्रीट कार्निव्हल या खास जिल्ह्याचा प्रकल्प एकदम अनेक प्रकारच्या थोर व्यक्तींचे गुण देतो, आणि त्यांचा नेता पेद्रो दुसरा याच्या गुणविशेषामुळे थोर व्यक्ती मिळवल्यावर खर्च झालेल्या गुणांपैकी २० टक्के परत मिळतात. तेथे प्रकल्प हीच मुख्य चाल होऊ शकते.

प्रश्न : अवकाशमोहिमेने जिंकण्याच्या प्रयत्नात परग्रह-मोहीम निघाल्यावरही विजयासाठी फार काळ थांबावे लागते आणि तोवर कोणीतरी कला-संस्कृतीच्या जोरावर जिंकून जातो. प्रकल्प सोन्याने विकतही घेता येत नाहीत. काय करावे? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : यानाला ५० प्रकाशवर्षे जायचे असते आणि त्याचा मूळ वेग फेरीला एक प्रकाशवर्ष एवढाच असतो. नुसते पाहत बसलात तर ५० फेऱ्या जातील. लेझर केंद्राचा प्रत्येक प्रकल्प हा वेग एकाने वाढवतो आणि तो पुन्हा पुन्हा करता येतो. समजा, पहिल्या दहा फेऱ्यांच्या अखेरीस अशी चार केंद्रे पूर्ण झाली, तर उरलेली ४० प्रकाशवर्षे पाचच्या वेगाने आठ फेऱ्यांत सरतात. ५० च्या जागी १८ फेऱ्या. उपग्रह, चांद्रमोहीम, मंगळवसाहत आणि परग्रह-मोहीम हे टप्पे एकापाठोपाठ एक येत असल्याने तोवर एका स्पेसपोर्टवर, म्हणजे अवकाशतळावर, भागते, पण लेझर केंद्रे अनेक शहरांत एकाच वेळी चालू शकतात. म्हणून दुसरा आणि तिसरा स्पेसपोर्ट मंगळाच्या टप्प्यावर असतानाच उभारायला घ्यावा. यान सुटल्यावर त्याची आठवण येणे, ही मी पाहिलेली सर्वांत सामान्य चूक आहे.

सोन्याचे म्हणाल, तर मागचे दार आहे. शासन चौक या जिल्ह्यातील तिसऱ्या पायरीची इमारत निवडताना रॉयल सोसायटी घेतली, तर बिल्डरची, म्हणजे ठरावीक खेपांपुरते काम करणाऱ्या कामगार पथकाची, प्रत्येक खेप जिल्ह्याच्या प्रकल्पाचे २ टक्के काम उरकते. प्रकल्प विकत मिळत नसला, तरी बिल्डर सोन्याने मिळतो. पब्लिक वर्क्स धोरण लागू असताना विकत घेतलेल्या बिल्डरकडे पाच खेपा असतात, म्हणजे एका बिल्डरमागे दहा टक्के काम झाले. याशिवाय पिंगल हा गव्हर्नर त्या शहरात असेल आणि त्याला अवकाश-उपक्रमाची बढती दिलेली असेल, तर अवकाश प्रकल्पांवर ३० टक्के अधिक उत्पादन मिळते. स्पेसपोर्टवर स्वतःचा एक हेर पहाऱ्याला बसवायला विसरू नये, कारण शत्रूचे हेर घात करायला तेथेच येतात.

प्रश्न : ‘ब्रेड अँड सर्कसेस’ हा प्रकल्प कोणी लावतो तरी का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : हा प्रकल्प शहराच्या निष्ठेचा दाब वाढवतो. सीमेवरच्या शहराची निष्ठा डळमळीत झाली असेल, किंवा शेजाऱ्यावर अंधारयुग (निष्ठा ढासळण्याचा पडता काळ) आलेले असून त्याचे शहर हातोहात आपल्याकडे वळवायचे असेल, तर लावावा. त्यासाठी शहरात करमणूक संकुल वा वॉटर पार्क असावा लागतो, आणि शहराची लोकसंख्या बरी असावी, कारण निष्ठेचा दाब नागरिकांच्या संख्येवरच उभा असतो. दोन-तीन नागरिकांच्या वस्तीत तो लावून काहीही हाती लागत नाही.