नाशिकला ॲनिमेशन कथाकथनाच्या चर्चासत्राला जाताना काय तयारी करावी?

तुमचा प्रश्न असा, की नाशिकमध्ये ॲनिमेशनपटांतल्या कथाकथनावर एक दिवसाचं चर्चासत्र आहे, चित्रं बरी जमतात पण गोष्ट रचता येत नाही, तर जाऊन उपयोग होईल का?

होईल, पण स्वतःची एक अडलेली गोष्ट सोबत नेलीत तर. रिकाम्या हाताने गेलात तर दिवसभर सुंदर क्लिपा बघाल आणि संध्याकाळी वहीत ‘पात्र जिवंत वाटलं पाहिजे’ असली वाक्यं उरतील. म्हणून हे उत्तर मुख्यतः आधीच्या आठवड्याबद्दल आहे.

गोष्ट एका मिनिटाची आणि बिनसंवादाची घ्या. समजा, गोदाघाटावर एका मुलीला द्रोणातला दिवा पलीकडच्या काठाला पोचवायचाय, पण तो दर वेळी फिरून पायरीशीच येतो. कुणाला काय हवंय आणि आड काय येतंय, दोन्ही यात आलं. ‘पर्यावरण’ किंवा ‘आजीची माया’ हे विषय झाले, गोष्टी नव्हेत.

आता ए-फोर कागद तीनदा दुमडून फाडा, आठ तुकडे पडतात, हीच तुमची कार्डं. प्रत्येकावर ८ बाय ४.५ सेंटिमीटरची चौकट आणि तिच्यात एकच चित्र. शॉट, म्हणजे मध्ये न तुटता दिसणारं एक दृश्य, सरासरी तीन-चार सेकंदांचा धरला तर मिनिटाला १५ ते २० शॉट होतात. काहींना दोन-तीन चित्रं लागतात, म्हणजे पाच कागदांत काम भागतं. जाड स्केचपेन वापरा आणि एका चित्राला दोन मिनिटांहून जास्त देऊ नका. हात चांगला असलेल्यांची इथेच फसगत होते. घाटाचा दगडन् दगड रंगवला की ते कार्ड फेकवत नाही, आणि स्टोरीबोर्डचं, म्हणजे गोष्ट अशी चित्रांत ओळीने मांडण्याचं, निम्मं काम फेकण्याचंच असतं. वहीत तर मुळीच काढू नका, कारण क्रम बदलता येत नाही.

फेकाफेक आत्ताच का करायची, त्याचा हिशेब सरळ आहे. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे स्थिर प्रतिमा, लागतात. एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी १२ चित्रं, मिनिटाला ७२०. पाच सेकंदांचा शॉट नंतर कापला तर ६० चित्रं वाया जातात.

कार्डांचे फोटो काढून फोनवरच्या कुठल्याही एडिटिंग ॲपमध्ये ओळीने लावा आणि प्रत्येकाला वेळ द्या. हाच ॲनिमॅटिक. नवशिक्याच्या ॲनिमॅटिकमध्ये सगळंच दोन-दोन सेकंदांचं असतं, त्यामुळे गोष्ट सपाट होते. दिवा सोडायची धांदल अर्ध्या सेकंदात उरकते, पण तो परत येताना बघत बसणं चार सेकंद टिकायला हवं. मग गोष्ट माहीत नसलेल्या कुणाला तरी आवाज बंद करून दाखवा आणि त्यांच्याकडून सांगून घ्या. मध्ये बोलू नका. ते ‘मग बहुतेक…’ म्हणून अडखळतील तिथे कार्ड कमी आहे किंवा चुकलंय. एका शॉटमध्ये मुलगी डावीकडून उजवीकडे बघतेय आणि पुढच्यात उलट, तर ती काठ बदलून आली असंच वाटतं. ही चूक फार होते.

वेळ असेल तर आणखी एक सराव करा, मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ केला, तो काड्या हलवून केलेला ॲनिमेशनपट होता. तुम्हीही काडेपेटी घ्या. फोन स्टँडवर घट्ट बसवा, फोकस आणि एक्स्पोजर (फोटोतला उजेड) लॉक करा, काडी जराशी सरकवा, फोटो काढा. सेकंदाला १२ प्रमाणे दहा सेकंदांना १२० फोटो. खिडकीच्या उजेडात काम करू नका, ढग आला-गेला की चित्र लुकलुकतं. पडदा ओढून एकच दिवा ठेवा. काडीला चेहरा नसतो, त्यामुळे ती घाबरलीय की रुसलीय हे फक्त वेगातून आणि थांबण्यातून दाखवावं लागतं. मोठे डोळे काढून भागवायची सवय याने मोडते.

सत्राच्या दिवशी क्लिप सुरू असताना तीनच गोष्टी टिपा: शॉटमध्ये कोण आहे, किती जवळून दिसतंय, किती सेकंद. मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन’ मोजलं तरी पुरतं. कल्पना कुठून सुचतात, हा प्रश्न विचारू नका, त्याचं उत्तर कुणालाच उपयोगाचं देता येत नाही. ‘दिवा तिसऱ्यांदा परत आल्यावर मुलगी हट्टाला पेटते, हे या दोन कार्डांतून कळतं का?’ असं विचारा. सगळा गठ्ठा पुढे करू नका. अडलेली पाच-सहा कार्डं रबर लावून खिशात ठेवा, म्हणजे चहाच्या सुट्टीत वक्त्यांना उभ्या-उभ्या दाखवता येतील.