ब्रेस्ट लिफ्ट: व्रण किती आणि आकार कसा

शारजाहहून एका वाचक ताईंनी विचारलं आहे: वय 39, दोन मुलं, धाकट्याचं अंगावरचं दूध तोडून दीड वर्ष झालं. माहेर गोव्यातल्या फोंड्याचं. सुट्टीत महिनाभर येणार आहेत आणि त्यातच ब्रेस्ट लिफ्ट, म्हणजे ओघळलेले स्तन वर उचलायचं ऑपरेशन, उरकायचा बेत आहे. व्हिडिओ कॉलवर दोन डॉक्टरांशी बोलणं झालं. एक म्हणतात, स्तनाग्राभोवती फक्त गोल छेद देऊ, व्रण दिसणारच नाही. दुसरे म्हणतात, गोलाखाली उभा छेद लागेलच. गळ्याखालच्या खळगीपासून स्तनाग्रापर्यंतचं माप 26 सेंटिमीटर, आणि स्तनाग्र स्तनाखालच्या घडीच्या 2 सेंटिमीटर खाली. कोणाचं ऐकावं?

ताई, मापं बरोबर घेतली असतील तर दुसऱ्या डॉक्टरांचं.

कारण साधं आहे. व्रण किती लांब होणार हे डॉक्टरांच्या हातापेक्षा जास्त तुमच्या सैल कातडीवर ठरतं. बेतशीर स्तनात खळगी ते स्तनाग्र हे अंतर साधारण 19 ते 21 सेंटिमीटर भरतं. उंच बाईचं थोडं जास्त, म्हणून हा आकडा दगडावरची रेघ नाही. त्यापेक्षा महत्त्वाची खालची घडी. स्तनाग्र घडीच्या पातळीवर असेल तर ओघळणं सौम्य, घडीच्या 1 ते 3 सेंटिमीटर खाली असेल तर मध्यम, आणि त्याहून खाली जाऊन जमिनीकडे बघत असेल तर तीव्र. तुमचं मध्यम आहे. चौथा एक प्रकार असतो, स्तनाग्र जागेवर पण खालचा भाग लोंबलेला. त्यात स्तनाग्र उचलायची गरजच नसते, फक्त खालचा भाग आवरावा लागतो.

आता गोल छेदाचं गणित बघा. तुमचं स्तनाग्र 4 सेंटिमीटरच्या आसपास वर न्यायचं आहे. नुसत्या गोल छेदाने ते 2 सेंटिमीटरपर्यंत बरं उचललं जातं. त्याहून जास्त हवं म्हणून बाहेरचा गोल मोठा घेतला, समजा 9 सेंटिमीटर व्यासाचा, आणि आतला 4 चा ठेवला, तर 28 सेंटिमीटर कातडीची कड साडेबारा सेंटिमीटरच्या कडेवर गोळा करावी लागते. परकराच्या नाडीसारखी ती चुणते. चुण्या काही महिन्यांत बऱ्याच विरतात, ताण मात्र विरत नाही. न विरघळणाऱ्या धाग्याने आतून आवळलं तरी कातडी बाहेरच्या बाजूला ओढतच राहते. मग स्तनाग्राभोवतालचा काळा भाग पसरतो, व्रण रुंद आणि फिकट पांढरट होतो, आणि स्तन समोरून चपटा दिसतो. जाणकार सर्जन बाहेरचा व्यास आतल्याच्या दुपटीपेक्षा जास्त घेत नाहीत, ते याच भीतीने. छोट्या व्रणाची हौस करून रुंद व्रण आणि वर चपटा आकार पदरात पडतो, आणि तो दुरुस्त करायला शेवटी उभा छेद द्यावाच लागतो.

म्हणजे गोल छेद वाईट, असं नव्हे. स्तन छोटा, घट्ट, ओघळणं नावापुरतं, किंवा दोन बाजूंत थोडासा फरक असेल तर तो अगदी योग्य.

उभ्या छेदाला दवाखान्यात सगळे लॉलीपॉपच म्हणतात. त्याचा खरा फायदा कातडीत नाही, आतल्या ग्रंथीत आहे. खालच्या भागातली ग्रंथी दोन खांबांसारखी मध्ये आणून एकमेकांना टाक्यांनी जोडतात. आकार त्या जोडणीवर उभा राहतो, कातडी फक्त झाकण घालते. कातडीवर टांगलेला स्तन पुन्हा ओघळतो, कारण कातडी ताणली जाणं हा तिचा धर्मच आहे. आतून बांधलेला जास्त काळ टिकतो. म्हणून डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: आकार कातडीने धरणार की ग्रंथीने? उत्तर ऐकून पुढचं बरंच कळतं.

फक्त पहिल्या दोन महिन्यांत आरशात बघून घाबरू नका. वरचा भाग फुगलेला, खालचा सपाट, आणि उभ्या व्रणाच्या तळाशी कातडीचा गोळा जमलेला दिसतो. तो मुद्दाम तसा ठेवलेला असतो, कारण सूज उतरली की स्तन खाली बसतो. 2 ते 3 महिन्यांत रूप येतं, पूर्ण स्थिर व्हायला सहा महिने. तळाचा गोळा वर्षभरातही गेला नाही तर जागा बधिर करून तो काढतात. त्याने आडवा छोटा व्रण वाढतो, हे आधीच मान्य करून ठेवा.

तिसरा प्रकार अँकर, म्हणजे उभ्या छेदाला घडीतला आडवा छेद जोडलेला. वजन 30-40 किलोंनी उतरलेल्या बाईला, किंवा स्तनाग्रापासून घडीपर्यंतची कातडी ताणून 12 सेंटिमीटरच्या वर भरते तिला, दुसरा मार्ग सहसा नसतो. आडवा व्रण घडीत लपतो, त्याचं मधलं अंग बहुतेक छान बसतं. त्रास देतात ती दोन टोकं, त्यातही छातीच्या मध्याकडचं. तिथे कातडी जाड, ताण जास्त, व्रण फुगायची सवय असलेली जागा. चांगला सर्जन आडवा छेद मध्यापर्यंत नेत नाही. दुसरी अडचण जिथे तीन कडा एकत्र येतात त्या सांध्याची. तिथे रक्तपुरवठा सर्वांत कमी, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तिथे कधी कधी सेंटिमीटरभर जागा उकलते. बहुतेकदा नुसत्या ड्रेसिंगने 2 ते 4 आठवड्यांत भरते. पण हे तिसऱ्या आठवड्यात घडतं, आणि परतीचं तिकीट दहाव्या दिवसाचं असेल तर तुम्ही कुठे असाल, याचा विचार करा.

लिफ्टमुळे वरचा भाग भरत नाही, हे फार बायकांना नंतर कळतं. लिफ्ट जागा बदलते, आकारमान वाढवत नाही. वरची पोकळी खटकत असेल तर इम्प्लांट किंवा स्वतःची चरबी भरणं हा वेगळा विषय. इम्प्लांट आणि लिफ्ट एकाच वेळी केलं तर एक कातडी ताणतो आणि दुसरं ती आवळतं, त्यामुळे पुन्हा ऑपरेशन करायची वेळ जास्त येते. परदेशात राहणाऱ्या बाईला तर आम्ही सांगू, आधी लिफ्ट, मग सहा महिने थांबा. तोवर बऱ्याचजणींना इम्प्लांटची गरज वाटेनाशी होते.

व्रणाबद्दल आपल्या सावळ्या कातडीचा हिशेब वेगळा. पांढऱ्या कातडीवरचे फोटो बघून मन बनवू नका. सर्वांत भरवशाचा पुरावा तुमच्याच अंगावर आहे: सिझेरियन झालं असेल तर तो व्रण बघा. पातळ रेघ असेल तर उत्तम. दोरीसारखा उठलेला, खाजणारा असेल, किंवा कान टोचल्यावर गाठ आली असेल तर डॉक्टरांना दाखवूनच पुढे जा. दंडावरच्या बीसीजीच्या खुणेवर फार विसंबू नका, खांद्याकडची जागा मुळातच गाठ धरणारी. घरात आई-बहिणीला केलॉइड, म्हणजे व्रणाबाहेर वाढत जाणारी गाठ, असेल तेही सांगा. केलॉइडचा इतिहास पक्का असेल तर निव्वळ सौंदर्यासाठी हे ऑपरेशन न करणंच शहाणपणाचं, असं आमचं मत.

नंतरची काळजी अशी. खपल्या पडून जखम पूर्ण बंद झाली, म्हणजे साधारण तिसऱ्या आठवड्यापासून, सिलिकॉनची पट्टी दिवसातले निदान 12 तास, किमान 3 महिने. गोव्याच्या दमट हवेत पट्टीखाली घाम साचून पुरळ उठतं. रोज पट्टी साबणाने धुवा, कातडी कोरडी करून मगच लावा, नाहीच जमलं तर सिलिकॉन जेल दोनदा. खोबरेल तेलाने हलका मसाज जखम भरल्यावर चालेल, हळदीचा लेप उघड्या जखमेवर नको. सहा ते बारा आठवड्यांत व्रण लाल, टणक, खाजरा होऊ लागला तर थांबू नका. त्यात ट्रायॲम्सिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं 4 ते 6 आठवड्यांच्या अंतराने देतात, आणि ती लवकर दिली तर लवकर दबतो. व्रणाचा शेवटचा रंग ठरायला 12 ते 18 महिने लागतात.

आता वेळेचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत बरं. पावसाळ्यात स्तनाखालच्या घडीत बुरशी धरते. ती असेल तर आधी मलमाने पूर्ण घालवा, चिघळलेल्या घडीत छेद देऊ नये. चतुर्थीला येऊन ऑपरेशन करायचा विचार मात्र काढून टाका. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायची, नेवऱ्या तळायच्या, घरभर माणसं, आणि तुम्हाला हात खांद्याच्या वर न्यायची परवानगी नाही. सासूबाईंना कारण काय सांगायचं हा प्रश्न वेगळाच.

महिनाभराची सुट्टी असेल तर पहिल्याच आठवड्यात ऑपरेशन करा आणि नंतर निदान 3 आठवडे गोव्यात थांबा. पाच-सात दिवसांत विमानात बसता येतं, असं तुम्हाला कोणी सांगेल. रक्ताच्या गुठळीच्या दृष्टीने ते ठीक असेलही, जखमेच्या दृष्टीने घाई आहे. पहिल्या 48 तासांत एकच बाजू अचानक फुगली, घट्ट झाली, दुखणं वाढलं, किंवा स्तनाग्र निळं-काळं पडू लागलं तर रात्र आहे म्हणून सकाळची वाट बघू नका. 4 ते 6 आठवडे 2-3 किलोपेक्षा जास्त वजन नको, म्हणजे धाकट्याला कडेवर घेणं बंद. स्कूटर तीन आठवडे नाही. परतताना कोकमाच्या बाटल्यांनी भरलेली तीस किलोंची बॅग पट्ट्यावरून ओढायला दुसरं माणूस हवं, नाहीतर विमानतळावर व्हीलचेअर आधीच सांगून ठेवा.

निकोटिन ऑपरेशनच्या 4 आठवडे आधीपासून 4 आठवडे नंतरपर्यंत पूर्ण बंद. यात तिकडच्या कॅफेतला शीशा, म्हणजे हुक्का, आणि व्हेपही आले. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आखडतात आणि सगळ्यात आधी मरतं ते स्तनाग्र. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, माशाच्या तेलाच्या आणि लसणाच्या कॅप्सूल, आयुर्वेदिक काढे, गर्भनिरोधक गोळ्या, सगळं डॉक्टरांना सांगा. काय आणि कधी थांबवायचं ते तेच ठरवतील. वजन सहा महिने स्थिर हवं. पुढे मूल हवं असेल तर थांबा, बाळंतपणाने आकार पुन्हा उतरतो आणि दूध पाजायलाही अडचण येऊ शकते. तुम्ही चाळिशीच्या उंबऱ्यावर आहात, त्यामुळे आधी मॅमोग्राम करून घ्या.

डॉक्टर निवडताना पाटीवरचं ‘कॉस्मेटिक सर्जन’ पुरेसं नाही. प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डीएनबी पदवी बघा, आणि नोंदणी क्रमांक मेडिकल कौन्सिलच्या यादीत तपासा. वर्षभरानंतरचे, सावळ्या कातडीचे, तुमच्याच तंत्राचे फोटो मागा, त्यात हात वर केलेलाही एक असावा. एक महिन्याचे फोटो सगळ्यांचेच छान असतात. दुरुस्ती लागली तर खर्च कोणाचा, हे लेखी घ्या. भारतातल्या आरोग्य विम्यात सौंदर्याची शस्त्रक्रिया बसत नाही. शारजाहची पॉलिसी नंतरच्या गुंतागुंतीचा खर्च देते का, तेही तिथेच विचारून निघा. व्हिडिओ कॉलवर तंत्र पक्कं करू नका, खुणा उभं करूनच काढतात. घडीत मागून बोट घालून ती पातळी पुढे पेनाने उमटवतात, नवं स्तनाग्र कुठे येणार ते तिथे ठरतं. झोपवून खुणा करणारा डॉक्टर दिसला तर उठून या.

निघताना ऑपरेशनची पूर्ण नोंद हातात घ्या. नुसतं डिस्चार्ज कार्ड चालणार नाही. स्तनाग्राचा रक्तपुरवठा कोणत्या बाजूने राखला, वरून, छातीच्या मध्याकडून की खालून, हे त्यात लिहिलेलं हवं. दहा वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरने नेमकी तीच बाजू कापली तर स्तनाग्र जाऊ शकतं. काढलेला भाग तपासला असेल तर तो रिपोर्टही घ्या. आणि परतल्यावर काही आठवड्यांनी जखम पुन्हा वाहू लागली, नेहमीच्या अँटिबायोटिकने बरी होईना, तर तिथल्या डॉक्टरांना भारतात ऑपरेशन झाल्याचं स्पष्ट सांगून मायकोबॅक्टेरियाचं, म्हणजे टीबीच्या कुळातल्या जंतूंचं, कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) करायला सांगा. साध्या कल्चरमध्ये ते जंतू सुटून जातात आणि आठवडे वाया जातात.